कपाळावरचा पट्टा

बहिऱ्या माणसाशी भांडायचं तर आधी त्याने तुमच्याकडे बघायला हवं. ऐकू येणारा बाप चिडला तर फार तर उठून दुसऱ्या खोलीत जातो. दाराबाहेर उभं राहून त्याला चार शब्द सुनावता येतात. आठीचे बाबा नुसते डोळे मिटून घ्यायचे. मिटले की विषय संपला. मग तुम्ही टेबल बडवा, पाय आपटून फरशी हादरवा, दिव्याचं बटण खालीवर करून स्वयंपाकघरात विजा चमकवा, म्हातारा ढिम्म हलायचा नाही. त्या आठवड्यात त्यांनी इतक्या वेळा डोळे मिटले की आठीला वाटलं, यांना असंच बसू द्यावं आणि आपण कुठेतरी लांब निघून जावं, जिथे माणसं भांडताना निदान एकमेकांकडे बघतात.

आठी हे तिचं कागदावरचं नाव नव्हतं. बहिऱ्यांमध्ये माणसाला नाव मिळतं ते त्याच्याकडे बघून; हाताने दाखवता आलं पाहिजे एवढीच अट. ही तान्ही असल्यापासून कपाळाला आठी घालून जगाकडे बघायची, म्हणून भुवयांच्या मध्ये चिमूट काढली की ती झाली आठी. पुढे तिनेही त्या नावाला जागायचं ठरवलं असावं, कारण चाळिशी उलटली तरी आठी जागची हलली नव्हती. बहिऱ्यांच्या मंडळाच्या सचिवांचे पुढचे दात ओठांच्या ताब्यात राहायचे नाहीत, म्हणून ते दात. एका बाईंच्या नाकावर चामखीळ होती, त्या चामखीळ. यात कुणाला राग नव्हता. नवखा ऐकू येणारा पाहुणा आला की त्याला मात्र वाटायचं, ही सगळी मंडळी एकमेकांची टर उडवतायत, आणि ते समजावता समजावता आठीला घाम फुटायचा.

बाबांचं नाव खिळे. ओठांवर दोन बोटं टिचकवायची, की झाले खिळे. जन्मभर त्यांनी खुर्च्या आणि सोफे मढवले. या कामात दोन्ही हात कापड ताणण्यात अडकलेले असतात, म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलून ठोकायचा. कारखान्यात सगळ्यांच्याच तोंडात खिळे. बोलायला गेलं तर एखादा पोटात जायचा, त्यामुळे धडधाकट कान असलेले कारागीरही दिवसभर गप्प, आणि मान, भुवया, कोपर वापरून कसंबसं काम भागवायचे. बाबांनी त्यांना नीट खुणा शिकवल्या. पुढे पुढे तर सुटी झाल्यावर, तोंडं रिकामी असतानाही, ती माणसं चहाच्या टपरीवर हातांनीच गप्पा मारत बसायची. बाबांचा पहिला वर्ग तो.

कारखाना बंद झाला आणि त्याच्या आगेमागेच आई गेली. आठीला ऐकू यायचं; ती दिवसभर इस्पितळात नाहीतर कोर्टात, दुभाषी म्हणून दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेत. बाबा घरात एकटेच वाळत चालले. तेव्हा मंडळाने त्यांना शनिवारचा वर्ग दिला: ज्यांचं मूल बहिरं निघालंय अशा ऐकू येणाऱ्या आईबापांना खुणांची भाषा शिकवायची. पगार नव्हता, चहा होता. पहिल्या शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि घरी आल्यावर दोन माणसांचं जेवले. तेव्हापासून त्यांचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा. मधले दिवस नुसते ढकलायचे.

शिकवायचे मात्र झकास. रडवेले चेहरे घेऊन आलेल्या आईबापांना पहिल्याच दिवशी हसवून सोडायचे. बोजड जावयाची नक्कल, तापलेल्या इस्त्रीला बोट लागल्याची नक्कल, आणि त्यातून बघता बघता पाणी, भूक, ये, नको, दुखतंय. आठी बाजूला बसून त्यांचं म्हणणं आवाजात सांगायची. महिन्याभरात लोक तिच्याकडे बघायचेही नाहीत, थेट बाबांच्या हातांकडे बघायचे. तिला ते आवडायचं. जगात असं एकच ठिकाण होतं जिथे तिची गरज संपत जायची.

आणि अशा वर्गावर या माणसाने आपल्या दोन हातांनी धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की त्या शनिवारी एक नवी बाई आली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, कपडे टापटीप, बोलणं मोजकं. बरोबर चार वर्षांची बहिरी मुलगी. बाबांनी कौतुकाने चौकशी केली: कुठल्या तुम्ही? बाईने वरच्या डोंगरातल्या गावाचं नाव सांगितलं. ते कळल्यावर बाबांचा चेहरा असा उजळला, की जणू हरवलेलं माणूस दारात येऊन उभं राहिलंय. ते गुडघे टेकून त्या पोरीसमोर बसले आणि म्हणाले, "म्हणजे तू..." आणि दोन्ही मुठी कपाळाच्या दोन्ही बाजूंना नेऊन, कपाळावरून मागे गेलेला पट्टा धरल्यासारखी त्यांनी मान खाली घातली.

ही डोंगरातल्या लोकांची जुनी खूण. पूर्वी तिथले लोक पाठीवर ओझी घेऊन शहरात उतरायचे. ओझ्याचा पट्टा कपाळावरून घेतलेला असायचा. आता तिकडे रस्ते झाले, ट्रक गेले, पट्टा कुणी बघितलाही नसेल. बहिऱ्यांच्या हातांत मात्र तो राहिला. पोरीला ती खूण भलतीच आवडली. तिने लगेच आपल्या इवल्या मुठी कपाळाशी नेल्या आणि बाबांसारखीच मान खाली घातली.

बाईने तिचे दोन्ही हात खाली ओढले, तिला काखोटीला मारलं आणि चपलेत पाय नीट न घालताच जिना उतरून गेली. चहा तसाच राहिला. आठीला काहीच सांगावं लागलं नव्हतं. आख्ख्या वर्गात त्या बाईला न शिकवता कळलेली ती एकच खूण होती.

बाबा गुडघ्यांवरच होते. "काय झालं? पोरीला शू आली का?"

आठीने कपाळावर हात मारून घेतला. ही खूण सगळ्याच भाषांत आहे.

दोनच दिवसांत सचिव घरी आले. दात हा माणूस स्वभावाने गरीब, पण यावेळी ते मंडळाचा निरोप घेऊन आले होते. शनिवारी वर्गाआधी बैठक. खिळ्यांनी त्या बाईची माफी मागावी आणि ती खूण कायमची सोडावी. नाहीतर वर्ग दुसऱ्याकडे जाईल. शिकवायचं प्रमाणपत्र घेतलेली एक तरुण मुलगी तयारच आहे. हे सांगताना सचिवांचे हात इतके बारीक हलत होते, की जणू त्यांना कुणी ऐकेल. बाबांनी ते पुरतं बघून घेतलं आणि म्हणाले, "माफी कशाची? मी शिवी दिली?" आणि डोळे मिटले. सचिव बिचारे आठीकडे बघत राहिले.

मग सुरू झाला तो आठवडा.

"यात राग येण्यासारखं काय आहे ते मला सांग," बाबांनी सकाळी पहिला चहा घेता घेता विचारलं. "माझा चेहरा बघितलास ना तू? वाईट होता?"

हे त्यांचं हुकमी पान. हातांच्या भाषेत चेहरा म्हणजे अर्धा शब्द. हात नुसतं 'माणूस' म्हणतात. तो माणूस आवडतो की डोक्यात जातो हे चेहऱ्यावर. बाबांचं म्हणणं असं, की चेहरा चांगला असला तर खूण वाईट असूच शकत नाही.

"चेहरा चांगला होता हो," आठी म्हणाली. "पण ती खूण आता कुणी करत नाही. तिकडच्याच बहिऱ्या पोरांनी स्वतःची नवी खूण काढलीय, मी तुम्हाला दाखवली होती." तिने छातीशी धरलेला तळहात तिरका वर नेला, डोंगराच्या चढासारखा.

"ती घसरगुंडी आहे," बाबा म्हणाले. "माणूस कुठाय त्यात?"

"त्यांची खूण त्यांनी ठरवायची की तुम्ही?"

"त्यांच्यातल्याच एकाने मला ही दाखवली. माझ्या मित्राने. त्याच्यापेक्षा तुझ्या त्या पोरांना जास्त कळतं?"

मित्राची गोष्ट आठीला पाठ होती. तो डोंगरातून काथ्याची पोती पाठीवर घेऊन कारखान्यात यायचा. बाबा तेव्हा नवे, मिसरूड फुटलेले. दारातच त्यांनी त्याला खुणेने विचारलं, तू कोण, कुठला? त्याने कपाळावरच्या पट्ट्याला हात लावून दाखवला. बस. तेव्हापासून दोघांची गट्टी. पोतं उतरवायचं, मग मागच्या भिंतीशी बसून दोघांनी एकेक चहा घ्यायचा. बरीच वर्षं हे चाललं. मग ट्रक आले आणि तो यायचा बंद झाला. नंतर कधीतरी तो गेल्याचं कळलं. बाबा ही गोष्ट सांगायला लागले की आठीला भांडण पुढे नेता यायचं नाही, आणि त्याचीच तिला चीड यायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी आघाडी उघडली. "तुम्ही ऐकू येणारे लोक सोफ्याचं कापड बदलावं तसे शब्द बदलता. ओझेवाले म्हणू नका, डोंगरी म्हणा. उद्या डोंगरी म्हणू नका, आणखी काही म्हणा. आत काथ्या तोच. आम्ही निदान जे दिसतं ते दाखवतो."

यात थोडं खरं होतं, म्हणून तर ती जास्तच भडकली. ओझेवाले या शब्दाचं काय झालं हे तिने शाळेत असताना डोळ्यांनी बघितलं होतं. आधी ओझं वाहणाऱ्याला ओझेवाला म्हणायचे, त्यात कुणाचं काही गेलं नाही. मग त्याच्या मुलाला म्हणायला लागले, त्याच्या पाठीवर दप्तराखेरीज काही नसताना. मग वर्गात कुणाला गणित आलं नाही, कुणी डबा सांडला, की 'काय रे ए ओझेवाल्या'. त्या पोराचा डोंगराशी काडीचा संबंध नसायचा. एखाद्याचं नाव दुसऱ्याला शिवी म्हणून द्यायला लागले, की ज्याचं ते नाव आहे त्याने ते कसं वापरावं? शब्द तोच राहिला आणि आतून नासला. हे सगळं तिने बाबांना समजावलं. दूध नासल्याची खूणसुद्धा करून दाखवली.

"तुमच्या तोंडात नासला. माझ्या हातात नाही," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं मी ही खूण करतोय. दुकानात, दवाखान्यात, डोंगरातल्या माणसांसमोर. एकजण कधी रागावला? एक दाखव!"

आता मात्र आठीचा संयम सुटला. "रागावतील कसे? तुम्ही पाठमोरे, नाहीतर काउंटरच्या आड, आणि तुमच्याकडे बघायच्या आधीच लोक माझं ऐकणार! तुम्ही पट्टा करायचात आणि मी तोंडाने 'डोंगरी' म्हणायचे."

बाबांचे हात थांबले. "आधीपासून?"

"आधी सगळेच ओझेवाले म्हणायचे, तेव्हा मीपण तेच म्हटलं. मग तो शब्द वाईट झाला, तसा मी बदलला."

"मला न सांगता?"

"सांगितलं होतं. तुम्ही डोळे मिटले होते!"

त्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले. आठीने दिव्याचं बटण इतकं वाजवलं की दिवा गेला.

शेवटचा हल्ला तिने मंडळाच्या पाटीवरून केला. मंडळाच्या दारावर मोठी लाकडी पाटी आहे. त्यावर पूर्वी 'मूकबधिर मंडळ' असं लिहिलं होतं. तरुणपणी बाबांनी स्वतः शिडीवर चढून, खिळे उपटायच्या पातीने त्यातला 'मूक' खरवडून काढला होता. आम्ही मुके नाही, आम्ही दिवसभर बोलतो, हा त्या काळचा त्यांचा लढा. 'बधिर मंडळ' तेवढं राहिलं आणि डावीकडे कायमची मोकळी जागा, त्यामुळे पाटी आजही एका बाजूला कलल्यासारखी वाटते. "तुम्ही तुमचा शब्द खरवडलात ना?" आठी म्हणाली. "मग त्यांनी त्यांचा खरवडला तर तुमचं काय जातं?"

"तो आम्हाला दुसऱ्यांनी चिकटवला होता. मला कुणी विचारलं होतं?"

"आणि तुम्ही त्यांना विचारलं?"

"विचारलं! दारात! पहिल्याच दिवशी!" आणि पुन्हा पट्टा, पुन्हा मान खाली. गाडी फिरून त्याच स्टेशनात. शुक्रवारी संध्याकाळी आठीने हात टेकले. जाऊ दे वर्ग, म्हणाली ती मनात. मग बसतील दिवसभर खिडकीत डोळे मिटून. आणि ते तसेच बसतील आणि फार दिवस बसणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी बैठकीला खुर्च्या गोल मांडल्या होत्या, सगळ्यांचे हात सगळ्यांना दिसावेत म्हणून. ती बाई आली होती. तिला बोलवायला सचिव स्वतः प्रयोगशाळेत गेले होते. तिथे त्यांचं म्हणणं कुणालाच कळेना, त्यांना रांगेत बसवलं आणि बाईची गाठ पडेपर्यंत त्यांचं रक्तही काढून झालं होतं. दंडावरची पट्टी ते अजून अभिमानाने मिरवत होते. मुलगी आईच्या मांडीवर बसून सगळ्यांच्या हातांकडे टकामका बघत होती.

आठीने मनाशी ठरवलं होतं, आज कुणाचं काही मऊ करायचं नाही. जे येईल ते जसंच्या तसं पोचवायचं.

बाई म्हणाली, "मी शाळेत होते, तेव्हा मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरची पोरं असं करायची." तिने दोन्ही मुठी कपाळाशी नेल्या आणि मान खाली घातली. अगदी बाबांसारखी. "तोंडाने एक अक्षर नाही; ओझेवाली म्हणायचं ते शाळेबाहेर. बोलले असते तर वर्गाच्या बाईंना सांगता तरी आलं असतं. माझे वडील पोस्टात होते हो. आमच्या घरात कुणी पट्टा बघितलासुद्धा नाही." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिला ऐकू येत नाही असं कळलं तेव्हा मी खूप रडले. एकाच गोष्टीचं बरं वाटलं होतं, की मी जे ऐकलं ते हिला कधी ऐकू येणार नाही. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही तिला ते शिकवलंत. तिच्याच हातांनी."

आठीने ते जसंच्या तसं सांगितलं. 'तिच्याच हातांनी' हेसुद्धा.

बाबांनी यावेळी डोळे मिटले नाहीत. त्यांनी मित्राची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "मान खाली नको असेल तर ताठ ठेवतो," आणि पट्टा धरून ताठ मानेने बसून दाखवलं. आठीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफीच्या बैठकीत हा माणूस घासाघीस करत होता.

"नको," बाई म्हणाली. "आणि त्या तुमच्या मित्राला तुम्ही विचारलंत तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं होतं ना? मग तो दुसरं काय दाखवणार? हात पट्ट्यालाच होते त्याचे!"

हे आठीला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. बाबा तिच्या हातांकडे बघतच राहिले. मग जरा घाईनेच म्हणाले, "पण माझा चेहरा? माझा चेहरा तुम्ही बघितलात ना?"

"बघितला. म्हणून तर नुसती उठून गेले. नाहीतर भांडले असते." बाईचा आवाज जरा उतरला. "तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. सगळे सांगतात, मुके मास्तर म्हणजे देवमाणूस. म्हणून तर दोन बस बदलून आले होते."

आठीचे हात सवयीने आपोआप चालले: सगळे सांगतात, बहिरे मास्तर...

बाबांनी पुढे वाकून तिची दोन्ही मनगटं धरली. बहिऱ्यांच्यात कुणाचे हात धरणं म्हणजे तोंडावर हात दाबणं. लहानपणीसुद्धा त्यांनी तिला असं कधी केलं नव्हतं. गोलात बसलेले सगळे एकदम ताठ झाले. मग त्यांनी तिला सोडलं, बाईकडे वळले आणि अंगठा नि बोटाच्या चिमटीत स्वतःचे दोन्ही ओठ घट्ट दाबून धरले. मुका. ही खूण मंडळाच्या त्या दालनात पाटी खरवडल्यापासून कुणी केली नव्हती.

"हे म्हणालात ना?"

आठीने आवाजात विचारलं. बाई गोंधळली. "हो. म्हणजे... सगळेच तसं म्हणतात."

"मला माहीत आहे. तो शब्द मी रस्त्याच्या पलीकडून ओठांवर ओळखतो. दुकानदार म्हणतो, डॉक्टर म्हणतो. आणि दर वेळी ही माझी मुलगी नजर चुकवते आणि 'बहिरा' करून देते. एवढीशी होती तेव्हापासून. मी म्हटलं, करू दे. तिला बरं वाटतं."

हे वाक्य आठीलाच आवाजात सांगावं लागलं, कारण तिथे दुसरा दुभाषी नव्हता. ते सांगताना तिच्या मनात एकच आलं: मग इतकी वर्षं मी कुणासाठी जिवाचा आटापिटा करत होते? भर बैठकीत तिला बापाचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. कपाळावरची आठी तेवढी वाढली.

बाबा पुन्हा बाईकडे वळले. "तुमचाही चेहरा चांगला होता," ते बाईला म्हणाले. "चांगलाच होता. तरी टोचलं."

बाईचा चेहरा लालबुंद झाला. "मी... मला खरंच माहीत नव्हतं. मग काय म्हणायचं?"

"बहिरा म्हणा. सरळ आहे." त्यांनी वैतागून हात झटकला, माफी मागायला आलेला माणूस आपण नसून तीच असल्यासारखा. मग त्यांना आठवलं असावं. ते तिच्या मुलीकडे वळले, आणि छातीशी धरलेला तळहात तिरका वर नेला. घसरगुंडी. नीट जमली नाही, पण पोरीने लगेच करून दाखवली. "चुकलं माझं," ते मुलीला म्हणाले, आईला नव्हे. आणि आईनेही ते चालवून घेतलं. सचिवांनी सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला की दात पुरते दिसले. वर्ग बाबांचाच राहिला.

इथेच हे संपायला हवं होतं. पण बाबांच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो सहज निघत नाही. लोक उठायला लागले तसे ते म्हणाले, "पण मग त्याला काय म्हणू?"

"कुणाला?" आठीने विचारलं.

"माझ्या मित्राला."

आठीने ते आवाजात सांगितलं. बाई चप्पल घालता घालता थांबली आणि तिने अगदी साधेपणाने विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

बाबांच्या मुठी कपाळाकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. तशाच हवेत राहिल्या. ज्या माणसाने दातांना दात म्हटलं, चामखिळीला चामखीळ, तान्ह्या पोरीला आठी, ज्याच्याकडे बघेल त्याला त्याचं असं नाव दिलं, त्याच्याकडे आपल्या सगळ्यात जुन्या मित्राचं नाव नव्हतं. ओझ्याचं होतं.

त्या दिवशी वर्ग झाला, पण बाबा शिकवताना दोनदा चुकले आणि कुणाला हसवलं नाही. घरी आल्यावर खिडकीतल्या खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. बाहेर अजून उन्हं होती. आठीने चहा केला, त्यांच्यासमोर ठेवला, खांद्याला हात लावला. काही नाही. चहावर साय धरली. तिने स्टुलावर चढून बदललेल्या नव्या दिव्याचं बटण खालीवर केलं. काही नाही. आता तिचं डोकं खरंच सरकलं. वर्ग मिळाला, माफी झाली, सगळं तुमच्या मनासारखं झालं, आता कुणाशी भांडताय, असं सगळं ती मिटल्या डोळ्यांसमोर हातवारे करून बोलली आणि मग आपल्याच वेडेपणाला वैतागून समोर बसली.

बाबांनी डोळे न उघडताच एक हात वर केला. "थांब. बघतोय."

त्या मित्राला बघणं सोपं नव्हतं. पोतं पाठीवर असताना त्याचं डोकं खालीच असायचं. दिसायचा तो नुसता केसांचा भांग आणि पट्टा. पोतं उतरलं, भिंतीशी बसला, की मग तो दिसायचा, आणि तेही बाबांचं लक्ष अर्धं चहाकडे. चहाचा शेवटचा घोट तो मान पार मागे टाकून घ्यायचा, थेंब राहू नये म्हणून.

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी हनुवटी वर केली, मान मागे टाकली आणि गळ्यावर, हनुवटीच्या खाली, एक बोट टेकवलं.

"कोण हे?" आठीने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"तीळ होता त्याला इथे," बाबा म्हणाले. "चहा पिताना दिसायचा."

बहिऱ्यांच्यात नवं नाव मिळालं की समोरच्याने ते एकदा स्वतः करून दाखवायचं असतं, नीट आलं की नाही ते बघायला. आठीने हनुवटी वर केली आणि गळ्यावर बोट ठेवलं. बाबा पुढे वाकले, डोळे बारीक करून त्यांनी नीट बघितलं, आणि तिचं बोट जरासं डावीकडे सरकवलं.